आधी पाण्याची वाट, मग बाग

नागपुरात बागेसाठी फोन दोन मोसमांत येतात. एक दिवाळीनंतर, हवा छान पडते तेव्हा. आणि दुसरा एप्रिल-मेमध्ये, मागच्या पावसाळ्यात अंगणात साचलेलं पाणी घरमालकाला आठवतं तेव्हा. या दुसऱ्या फोनवर मी जास्त लक्ष देते. माझं शिक्षण उद्यानविद्येचं, इथल्याच कृषी महाविद्यालयातलं. पण आज माझ्या कामाचा निम्म्याहून मोठा भाग जमिनीखाली जातो: नाल्या, पाइप, चेंबर, भराव. लॉन आणि फुलझाडं अगदी शेवटी येतात. असं का, ते 2024 च्या उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरच्या बाजूला केलेल्या एका कामावरून सांगते. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या मुलामुलींना उपयोग होईल, आणि घर बांधून बागेचे बेत करणाऱ्यांनाही.

जुनं लेआउट, 3000 चौरस फुटांचा प्लॉट, एकमजली घर. समोरचा डांबरी रस्ता जाऊन सिमेंटचा झाला होता आणि रस्ता उंच झाल्याने अंगण खाली गेलं होतं. पूर्वी फाटकातून आपसूक बाहेर जाणारं पाणी आता आतच राही, वर रस्त्यावरचंही आत येई. नागपुरात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. स्वयंपाकघराच्या बाजूला भिंतीला तिरपी भेग होती, पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक कुठे वर उचलले होते, कुठे दबले होते. मागचं लॉन पिवळं पडलेलं. घरमालकीण काकूंनी सांगितलं की दरवर्षी नवी कार्पेट लॉन आणून अंथरतो आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये ती कुजते. आधीच्या माळ्याने औषधं मारली, खतं टाकली. मी एक तुकडा उपटून पाहिला. मुळं काळी पडली होती आणि मातीला सडका वास होता. हा रोग नव्हता, मुळांना हवाच मिळत नव्हती.

माझे मिस्त्रीकाका सोबत होते. ते भंडाऱ्याकडचे, तीस वर्षांहून जास्त काळ नागपुरात खोदकाम आणि पाइपलाइनचं काम करतात. काकू त्यांना गुलाबाच्या जागा दाखवत होत्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, झाडाचं मंग पाहू. पयले सांगा, पाणी जाते कोठी?"

आमचं प्रत्येक काम या प्रश्नापासून सुरू होतं. आधी निकास शोधायचा, त्याची पातळी घ्यायची आणि तिथून उलटं घराकडे यायचं. बरेच जण घराकडून सुरुवात करतात, पाइप टाकत टाकत फाटकापर्यंत येतात आणि तिथे कळतं की बाहेरची नाली आपल्या पाइपापेक्षा वर आहे.

इथे निकासाच्या दोन जागा होत्या. मागच्या बाजूला गडर लाइन आणि पुढे रस्त्यालगतची पावसाळी नाली. काकूंच्या शेजाऱ्यांनी गच्चीचं पाणी सरळ गडर लाइनला जोडलं होतं आणि त्यांचा आम्हालाही तोच सल्ला होता. मी ठाम नाही म्हटलं. गडर लाइन घरातल्या सांडपाण्याच्या हिशेबाने टाकलेली असते. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांचं पाणी तिच्यात शिरलं की ती तुंबते, चेंबरची झाकणं उचलली जातात आणि सगळ्यात खालच्या घरात संडासातून मैला वर येतो. ते घर बहुधा दुसऱ्याचं असतं, म्हणून जोडणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

मग पातळी. माझ्याकडे ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं दुर्बिणीचं यंत्र आहे, मोठ्या कामांना मी तेच लावते. पण घरगुती प्लॉटवर काकांची पाण्याची नळी मला तितकीच खात्रीची वाटते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं. नळीत बुडबुडा राहिला की सगळं माप खोटं, म्हणून काका नळी उन्हात पसरतात, बोटाने टिचक्या मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि शेवटचा बुडबुडा निघाला की मगच अंगठा टोकावर दाबतात. एक जण फाटकाशी, एक जण घराच्या मागच्या कोपऱ्यात. पाणी डोलायचं थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. मग भिंतीवर पेन्सिलीची खूण आणि खुणेपासून खाली टेप. फाटकाजवळच्या जमिनीपासून नालीचा तळ 55 सेंटीमीटर खोल निघाला. मागच्या कोपऱ्यापासून नालीपर्यंत अंतर 24 मीटर. 160 मिलिमीटरच्या पाइपाला 1:100 ढाळ दिला तर 24 सेंटीमीटर तिथेच खर्ची पडतात. पाइपाचं तोंड नालीच्या तळापासून थोडं वर ठेवायचं, म्हणजे मागच्या टोकाला पाइपाची खोली जेमतेम वीत-सव्वा वीत. जमत होतं, पण चुकायला जागा नव्हती.

पाणी किती येणार, त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 3000 चौरस फूट म्हणजे सुमारे 280 चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर 14,000 लिटर, आणि छत नि पेव्हरवरचं पाणी जवळजवळ सगळंच वाहून येतं. 2023 च्या सप्टेंबरात, 23 तारखेच्या पहाटे, नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्यानंतर हा हिशेब लोकांना समजावून सांगावा लागत नाही. त्या रात्री बाहेरची नाली काठोकाठ भरलेली असणार, आणि भरलेली नाली आपलं पाणी घेत नाही, उलट परत पाठवते. म्हणून पाइपाच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारा फ्लॅप लावायचा, आणि तो बंद असेल तितका वेळ आतलं पाणी थांबायला जागा करायची, असं ठरलं.

ही जागा कुठे करायची ते माती ठरवते. नागपूरच्या पश्चिमेला नि दक्षिणेला दख्खनच्या लाव्हाचा बसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. तो खडक झिजून झालेली काळी माती भिजवलेल्या डाळीसारखी फुगते आणि वाळली की आकसते. मेमध्ये तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की भेगा मिटतात, माती वर उचलते आणि तिच्यावर जे काही हलकं असेल, म्हणजे पेव्हर, कंपाउंडची भिंत, जोते, त्यालाही उचलते. सगळीकडे सारखी उचलली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण एका बाजूला फुलांचा वाफा असतो, त्याला रोज पाणी मिळतं, दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. घर एका अंगाने वर जातं, एका अंगाने खाली बसतं. स्वयंपाकघराची तिरपी भेग तिथूनच आली होती, खिडकीखालीच जास्वंदाचा वाफा होता. काकूंना तो काढायला सांगणं मला जड गेलं, सासूबाईंच्या हातचा होता. आम्ही झुडपं मुळांच्या गड्ड्यासकट काढून कंपाउंडच्या बाजूला लावली आणि भिंतीलगत बाहेर उतरता सिमेंटचा पट्टा केला. काळ्या मातीत घराला चिकटून वाफा करू नये आणि मोठं झाड लावू नये. माझ्या मते हे बागेच्या प्रत्येक कोटेशनवर छापलं पाहिजे.

शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, काळ्या मातीत चालत नाही. आम्ही दोन चाचणी खड्डे घेतले. एक उथळ, काळ्या मातीतच. एक खोल, काळी संपून पिवळी लागली आणि पिवळीखाली मुरूम लागला तिथपर्यंत. दोन्हींत पाणी ओतलं. मुरमातलं पाणी चहा होईपर्यंत खाली गेलं, उथळ खड्ड्यातलं दुसऱ्या सकाळीही तसंच. मालक काका स्वतः वाकून बघत होते. खोल खड्ड्याचा खर्च मग त्यांना पटवावा लागला नाही.

माणसं ठिय्यावरून आणली, म्हणजे रोजंदारीचे मजूर सकाळी जमतात त्या नाक्यावरून. काही बालाघाट-शिवनीकडची, काही छत्तीसगडची. आमच्याकडे रेजा (बाई मजूर) आणि कुली (पुरुष मजूर) दोघांना रोजी सारखीच. घमेलं डोक्यावर घेऊन दिवसभर चढ-उतार करणाऱ्या बाईला कमी पैसे का, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, ठिय्यावर अजून पोचलेला नाही. दुसरं म्हणजे बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्या माणसाला तो द्यायला ठेकेदार कंटाळतात. मी हजेरीची वही नीट ठेवते आणि दाखला देते. यात मेहरबानी काही नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. सकाळी सहाला सुरुवात, अकराच्या आत हत्यारं खाली, संध्याकाळी चारनंतर पुन्हा. डोक्याला दुपट्टा, माठ सावलीत. पंचेचाळीसच्या आसपास पारा असताना दुपारी खोदकाम करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची कामं लवकर होत नाहीत, माणसं पडतात आणि काम थांबतं.

चुन्याची फक्की मारून नालीची रेघ आखली आणि फाटकाकडून खोदायला लागलो. वरची वीतभर माती टिकासालाही दाद देत नव्हती, तिथे सब्बल, म्हणजे पहार लागली. पाइप टाकतानाही सुरुवात खालच्या टोकाकडून आणि पाइपाचं फुगीर तोंड चढाच्या बाजूला. म्हणजे वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या तोंडात बसतं, वाहतं पाणी सांध्यावर आपटत नाही आणि गाळ अडकत नाही. एका पोऱ्याने घाईत एक पाइप उलटा ठेवला होता. काकांनी लांबूनच ओळखलं, ओरडले नाहीत, जवळ बोलावून त्याच्याकडूनच फिरवून घेतला आणि का ते सांगितलं. तो पोरगा आता चांगली लाइन टाकतो.

पाइपाखाली चार इंच दगडाची चुरी, बाजूनेही चुरी, दगड पाइपाला टेकू द्यायचा नाही. त्यावर काळी माती परत लोटायची नाही. ही गोष्ट मालकांना नेहमी खटकते, "निघालेली माती आहे ना, मग मुरूम विकत का?" कारण फुगणारी माती पाइपालाही उचलते, आणि 1:100 चा ढाळ मारायला पाइप दोन-तीन सेंटीमीटर उचलला तरी पुरे. मुरूम टाकायचा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून. एकदम भरून वरून ठोकलं तर पहिल्या पावसात नालीच्या रेघेवर अंगण खचतं. पार्किंगखालून जाणाऱ्या भागात पाइप उथळ होता, तिथे त्याला चारी बाजूंनी काँक्रीट केलं, नाहीतर गाडीच्या वजनाने फुटला असता.

या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती खोल खड्ड्याची असते. दीड मीटर लांबी-रुंदी आणि सुमारे तीन मीटर खोल. मेमधली काळी माती दगडासारखी टणक दिसते, कडा सरळ उभ्या राहतात आणि नवख्याला वाटतं, हिला काय आधार लागतो! पण तिच्या पोटात उभ्या भेगा असतात. तिचे कण गळत नाहीत, एकदम शिळेसारखा तुकडा सुटतो. वळवाची एक सर त्या भेगांमध्ये गेली की मग विचारूच नका. एक घनमीटर माती दीड टनापेक्षा जड भरते, छातीपर्यंत दबलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आहे, आयएस 3764. त्यात दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायचा आणि काढलेली माती कडेला रचायची नाही असं सांगितलं आहे. आम्ही कमरेपर्यंत खोदलं की फळ्या आणि बल्ल्यांचे आडवे टेकू लावतो, मगच पुढे. शिडी कायम खड्ड्यात, वर एक माणूस कायम उभा, माती पाच फूट लांब. याने काम हळू होतं आणि मालक काकांनी एकदा विचारलंच की जेसीबीने तासाभरात झालं नसतं का. खड्डा झाला असता. पण दगड रचायला माणूस आत उतरणारच होता, आणि त्या वेळी भिंती उघड्या असत्या.

एका संध्याकाळी ढग आले, वारा सुटला. काकांनी सगळ्यांना वर घेतलं, तळ अजून अर्धा बाकी होता. एक जण म्हणाला, दहा मिनिटांत होते. काका म्हणाले, "उन्हानं टणक दिसते, पण इचा काही भरोसा नाही. चाल, वर ये." रात्री जोराची सर आली. सकाळी पाहिलं तर ज्या कडेला फळी अजून लागायची होती तिथला फूटभर जाडीचा पापुद्रा खाली येऊन पडला होता. कोणी काही बोललं नाही. फळ्या आधी लागल्या, मग माती उपसली.

त्याच कामात आणखी एक प्रसंग. मागे जुनी, बंद पडलेली सेप्टिक टँक निघाली. ठिय्यावरचा एक माणूस म्हणाला, मी उतरतो, पाचशे जास्त द्या. त्याला आधी दारू लागली असती, हे तो स्वतःच सांगत होता. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो. पहिला वायू थोडा असला तर वास येतो आणि जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं मानणारी माणसं मरतात. त्यांना काढायला उतरणारा दुसराही मरतो. 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय सेप्टिक टँक नि गटार साफ करायला माणूस उतरवण्यावर बंदी आहे. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पण पाचशे रुपयांसाठी उतरायला तयार असलेला माणूस समोर उभा असतो तेव्हा कायदा आठवून भागत नाही, आपल्याला नाही म्हणावं लागतं आणि त्याची त्या दिवसाची रोजी दुसऱ्या कामावर लावून द्यावी लागते. टँकर बोलावून टँक उपसली, झाकण फोडून मुरमाने भरून टाकली. तो माणूस दोन दिवस आमच्याकडे गिट्टी वाहत होता.

शोषखड्ड्यात खाली बोल्डर, वर 40 मिलिमीटर गिट्टी, मग बारीक गिट्टी, वर जाळीचं कापड आणि रेती. त्यात फक्त गच्चीचं पाणी, तेही आधी गाळाच्या चेंबरमधून. पार्किंगचं तेलकट पाणी जमिनीत सोडायचं नाही, ते वेगळ्या जाळीतून पाइपाला. खड्डा भरला तर जास्तीचं पाणी त्याच पाइपाने फाटकाकडे. ऑगस्टमध्ये नागपुरातल्या विहिरी बऱ्याचदा वरपर्यंत येतात, तेव्हा जमीन पाणी घेत नाही. म्हणून शोषखड्ड्याला सांडवा नसेल तर तो अर्धाच बांधला असं समजावं.

आणि लॉन. ते मी आजूबाजूपेक्षा दहा सेंटीमीटर खाली ठेवलं, घरापासून तीन मीटर सोडून. साठ चौरस मीटर लॉन गुणिले दहा सेंटीमीटर, म्हणजे सहा हजार लिटर पाणी फ्लॅप बंद असताना तिथे थोडा वेळ थांबू शकतं. खालची काळी माती फूटभर काढून टाकली, मुरूम-गिट्टीचा थर, त्यात छिद्रांचा पाइप, वर पोयटा, रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरलं. काकूंना मे महिन्यातच हिरवळ हवी होती. मी थांबायला सांगितलं. उन्हात अंथरलेली कार्पेट लॉन जगवायला जितकं पाणी लागतं त्यात एक लहान घर चालतं.

चर बुजवण्याआधी प्रत्येक भागाचा टेप लावून फोटो काढला, पाइप कुठून किती खोल जातो त्याचा कागद करून मालकांना दिला. उद्या कोणी तिथे नळाची लाइन टाकायला आलं तर सब्बल कुठे मारायची नाही ते त्याला कळलं पाहिजे. मग नळी लावून वरच्या टोकाला पाणी सोडलं, त्यात हळद कालवली आणि फाटकाशी पिवळं पाणी येतंय ते पाहिलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला खरा पाऊस झाला. काकूंचा फोन सकाळीच आला, मी आणि मिस्त्रीकाका रेनकोट घालून गेलो. बाहेरची नाली भरली होती, फ्लॅप बंद होता. मागे खोलगट भागात पाणी थांबलं होतं, भिंतीकडे आलेलं नव्हतं. फाटकाच्या डाव्या कोपऱ्यात मात्र तबकाएवढं डबकं होतं, तिथले पेव्हर दुसऱ्या दिवशी उचलून चुरी घालून पुन्हा बसवले. पाऊस ओसरला, नाली उतरली आणि फ्लॅप उघडून पाइप वाहू लागला तेव्हा काका गुडघ्यावर बसून तोंडाशी हात धरून बघत होते, पाण्यात माती येते का. येत नव्हती.

दूब, म्हणजे हरळी, जुलैच्या मध्यावर लावली, पोळ्यापर्यंत जमीन दिसेनाशी झाली. भिंतीची भेग आम्ही लगेच बुजवू दिली नाही. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवली, माती एक पावसाळा आणि एक उन्हाळा कशी वागते ते बघायला. पुढच्या मेमध्ये काच शाबूत होती, मग गिलावा केला. त्या घरी अजूनही मृगाआधी एक फेरी असते. गाळाचं चेंबर उपसायचं, फ्लॅप हाताने फिरवून बघायचा, खड्ड्यावरची वरची रेती बदलायची. या फेरीचे पैसे आम्ही कोटेशनमध्ये पहिल्याच दिवशी लिहितो आणि मिस्त्रीकाकांची त्या दिवसाची रोजी त्यातच धरतो.